घड्याळ की बटण : एआयने लिहिलेल्या दोन अलकांचा निवाडा

दोन कथा होत्या. दोन्ही एकाच मॉडेलने लिहिलेल्या, दोन्ही शंभर शब्दांच्या आतल्या. गुणांच्या बेरजेत पहिली चांगलीच पुढे होती, पण छापायला गेली दुसरी. निकाल का फिरला, कोणत्या मुद्द्यावर फिरला आणि फिरल्यावरही काय शिल्लक राहिलं, याची ही नोंद.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एका छोट्या साहित्यिक अंकाने एआयने लिहिलेल्या अलकांसाठी, म्हणजे अतिलघुकथांसाठी, एक पान ठेवायचं ठरवलं. लपवाछपवी नव्हती, कथा यंत्राच्या आहेत हे पानावर लिहिलेलं असणार होतं. निवडीला चौघे बसले: अंकाचे संपादक, एक कथालेखिका, साहित्य शिकवणारे एक प्राध्यापक आणि अंकाचे मुद्रितशोधक. टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. मत द्यायचा अधिकार नव्हता, त्यामुळे मत बनवायला भरपूर मोकळीक मिळाली. गुणपत्रक कथास्पर्धांमध्ये सर्रास चालतं तसलं: भाषा, रचना, नावीन्य, परिणाम आणि शेवट, प्रत्येकाला पाच गुण.

पहिली कथा अशी:

«वडील गेल्यापासून भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, पण सेल बदलायची नाही. 'वेळ थांबली की माणूसही थांबतो,' ती म्हणायची. एके दिवशी मुलगी नवा सेल घेऊन आली. आईने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. त्या रात्री घरात शांतता होती. फक्त कुठूनतरी टिकटिक ऐकू येत होती. मुलगी उठून पाहायला गेली. घड्याळ बंदच होतं. आई भिंतीला कान लावून उभी होती.»

दुसरी अशी:

«घर विकलं त्या दिवशी नव्या मालकाने विचारलं, वरच्या खोलीचा दिवा कोणत्या बटणाने लागतो. जिन्याखाली सहा बटणं होती. मी तिसरं दाबलं, मग पाचवं. दिवा लागला नाही. त्याने स्वतःच दुसरं दाबलं. वर उजेड पडला. 'तुम्ही इथेच वाढलात ना?' त्याने विचारलं. 'ती खोली भावाची होती.' त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग पंख्याचं बटण विचारलं.»

पहिलीला चौघांनीही जवळपास प्रत्येक रकान्यात चार दिले. दुसरीला मुद्रितशोधकांनी पाच-पाच दिले आणि बाकी तिघांनी बहुतेक रकान्यांत दोन. लेखिकेचा शेरा होता, 'संपल्यासारखी वाटत नाही.' प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'प्रसंग आहे, कथा नाही.' बेरीज केली की प्रश्नच उरत नव्हता.

पहिलीच्या बाजूने

आधी पहिलीला न्याय द्यायला हवा, कारण ती वाईट कथा नाही. भाषा स्वच्छ आहे, एकही वाक्य अडखळत नाही. धूळ पुसायची पण सेल बदलायचा नाही, ही आईची सवय खरी वाटते. दुःख जपणारी माणसं असंच वागतात. मुलगी सेल आणते आणि आई तो परत देते, हा एवढासा व्यवहार दोघींमधलं नातं दाखवून जातो. शेवटचं चित्रही डोळ्यांसमोर उभं राहतं. हीच कथा एखाद्या नवोदित लेखकाने पाठवली असती, तर संपादकांनी 'आणखी पाठवा' असं नक्की कळवलं असतं. ते तसं म्हणालेही.

एवढ्या छोट्या कथेत यंत्राला एक मोठी सूट मिळते, आणि ती कोणी जाणूनबुजून देत नाही. दीर्घ कथा लिहिताना मॉडेलला पात्रं सांभाळावी लागतात, आधी काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं, प्रसंगातून प्रसंग काढावा लागतो. तिथे ते घसरलं की दिसतं. शंभर शब्दांत घसरायला जागाच नसते. शिवाय अलकेचा वाचक मदतीच्या तयारीनेच बसलेला असतो: न सांगितलेलं ओळखायचं, मोकळी जागा भरायची, हा या प्रकाराचा करारच आहे. त्यामुळे लेखकाने मुद्दाम सोडलेली जागा आणि निव्वळ राहून गेलेली जागा पहिल्या वाचनात सारखीच दिसते. वाचक दोन्ही भरतो, आणि श्रेय दोन्हीकडे कथेला देतो.

ही गोष्ट चर्चेत आली ती मुद्रितशोधकांच्या एका साध्या प्रश्नामुळे.

टिकटिक कोणाला ऐकू आली?

संपादक बेरजेवर शिक्कामोर्तब करायला निघाले होते, तेवढ्यात मुद्रितशोधक म्हणाले, 'एक विचारू का? पहिल्या कथेत टिकटिक कोणाला ऐकू येत होती?'

उत्तरं झटपट आली, आणि सुरेख आली. प्राध्यापक म्हणाले, ती आईची स्मृती आहे, निवेदन क्षणभर आईच्या मनात शिरतं. संपादकांच्या मते ती मुलीलाही ऐकू येते. म्हणजे दुःख आता दोघींचं झालं. लेखिकेची कल्पना सगळ्यांत धाडसी होती: आई स्वतःच जिभेने टिकटिक करत असावी.

'अहो, तिन्ही उत्तम आहेत,' मुद्रितशोधक म्हणाले, 'पण यातलं कथेत काय आहे, ते बोट ठेवून दाखवा.'

बोट कुठेच ठेवता येईना. कथेत आहे फक्त 'कुठूनतरी'. निवेदन आईच्या मनात शिरतं म्हणावं, तर आवाज ऐकून उठते मुलगी. मुलीला तो खरोखर ऐकू आला म्हणावं, तर बंद घड्याळ पाहिल्यावर तिला काय वाटलं याचा मागमूस नाही. आई आवाज काढते म्हणावं, तर ती 'कान लावून' उभी आहे, ऐकते आहे. प्रत्येक अर्थाला कथा थोडी साथ देते आणि थोडी आडवी येते. ती कोणत्याच अर्थाला नाही म्हणत नाही, आणि कोणत्याच अर्थाला धरूनही राहत नाही.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप योग्य होता. ते म्हणाले, अर्थ अनेक निघतात हा दोष कसा? आपल्याकडे तर ध्वनी, म्हणजे शब्दांनी थेट न सांगता सुचवलेला अर्थ, हाच काव्याचा आत्मा मानला गेला. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात तेच मांडलं. मग प्राध्यापकांनी त्याच परंपरेतल्या मम्मटाचं जुनं उदाहरण दिलं. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य. सेनापतीने ऐकलं तर हल्ल्याची वेळ झाली, मजुराने ऐकलं तर काम थांबवायची, गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी वळवायची, प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीने ऐकलं तर तो आता येईल. वाक्य एक, सूचित अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा. मग टिकटिकीचे तीन अर्थ निघाले तर बिघडलं कुठे?

पण याच उदाहरणाने चर्चेचा काटा फिरवला, कारण मम्मटाच्या वाक्यात सूर्य मावळलेलाच आहे. त्याबद्दल कोणाचाही वाद नाही. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, पक्का आहे, आणि प्रत्येक ऐकणारा आपापल्या परिस्थितीतून त्या पक्क्या गोष्टीवर अर्थ उभा करतो. पहिल्या कथेत वाच्यार्थच डळमळीत आहे. आवाज झाला की नाही, हेच ठरत नाही. तीन वाचकांनी तीन अर्थ काढले नाहीत. तीन वेगळ्या घटना मनात घडवल्या. ध्वनी आणि पोकळी यांतला फरक त्या टेबलावर मला पहिल्यांदा इतका स्वच्छ दिसला.

अधोरेखनाची पद्धत

त्यानंतर गुणपत्रक बाजूला ठेवलं गेलं. संपादकांनी सुचवलं की चौघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता दोन गोष्टी लिहाव्यात. एक, या कथेत न सांगितलेलं काय आहे ते एका वाक्यात. दोन, ज्या शब्दांवरून ते कळलं त्यांच्याखाली रेघ.

घड्याळाच्या कथेत न सांगितलेल्या गोष्टीची उत्तरं अशी आली: दुःख संपत नाही; आईला काळ थांबवून धरायचा आहे; माणूस गेल्यावर वेळ थांबतो. आणि रेघा? दोघांची रेघ एकाच वाक्याखाली होती: 'वेळ थांबली की माणूसही थांबतो.' म्हणजे न सांगितलेलं म्हणून त्यांनी जे लिहिलं, ते कथेने आईच्या तोंडून जवळजवळ सांगूनच टाकलं होतं. राहिलेल्या दोघांच्या रेघा शेवटच्या वाक्याखाली होत्या, आणि त्यावरून काय कळलं हे लिहिताना दोघांनीही 'हळवेपणा' हा शब्द वापरला. हळवेपणा हा कळलेला अर्थ नव्हे, तो वाचकावर उमटलेला ठसा आहे. ठसा खराच होता, पण तो अर्थाच्या रकान्यात जमा झाला होता.

बटणाच्या कथेचं चित्र वेगळं निघालं. भाऊ वारला आहे, असं प्राध्यापकांनी लिहिलं. वाटणीवरून भावाभावांत बेबनाव असणार, असं संपादकांनी. लेखिकेने लिहिलं की भाऊ लाडका होता आणि त्या खोलीत याला मज्जाव होता. मुद्रितशोधकांनी भावाबद्दल काहीच लिहिलं नाही: 'हा माणूस त्या खोलीत रात्री कधीच गेला नव्हता.' चार उत्तरं वेगळी, पण रेघा बहुतेक त्याच ठिकाणी. 'तिसरं दाबलं, मग पाचवं' याखाली सगळ्यांची. 'इथेच वाढलात ना' याखाली तिघांची. 'होती' या एका क्रियापदाखालीही तिघांची. इथे वाच्यार्थ पक्का होता: या माणसाला स्वतःच्या घरातल्या एका खोलीचं बटण माहीत नाही. चौघांनी त्याच वस्तुस्थितीवर आपापला भाऊ उभा केला. मम्मटाचा मावळलेला सूर्य तो हाच.

दुसरी पद्धत लेखिकेने आणली, आणि ती मला जास्त कामाची वाटली. कथेतली मुख्य वस्तू बदलून पाहायची. तिने घड्याळाच्या जागी रेडिओ घातला, सेल तसाच ठेवला, टिकटिकीच्या जागी गाणं, आणि शेवटी 'आई रेडिओला कान लावून उभी होती'. कथा जशीच्या तशी चालली. माझ्या मते किंचित सुधारली, कारण रेडिओला कान लावणं जास्त स्वाभाविक आहे. वडिलांच्या जागी आजोबा, मुलीच्या जागी मुलगा घातला तरी काही अडलं नाही.

मग बटणांच्या जागी किल्ल्यांचा जुडगा घातला: वरच्या खोलीची किल्ली कोणती, असं मालक विचारतो, आणि निवेदकाला सापडत नाही. वरवर पाहता तोच प्रसंग, पण कथा मोडली. किल्ली माहीत नसली तर खोलीला कुलूप होतं एवढंच ठरतं. एखाद्या खोलीची किल्ली घरातल्या कुणालाही माहीत नसू शकते. बटणाचं तसं नाही. राहत्या घरातली बटणं डोक्यात नसतात, हातात असतात. अंधारात, झोपेत, दोन्ही हातांत सामान असताना कोपराने आपण ती बरोबर दाबतो. इतक्या वर्षांत हा हात त्या बटणाकडे एकदाही गेला नाही, ही गोष्ट किल्ली सांगू शकत नाही, दार सांगू शकत नाही, फक्त बटण सांगतं. वस्तू बदलल्यावर अर्थ सांडला, म्हणजे त्या वस्तूत अर्थ होता.

लेखिकेने मात्र लगेच खोडा घातला. जिना चढता-उतरताना सहापैकी इतर बटणं तरी याने वापरली असतीलच. मग वरच्या खोलीची नसलेली बटणं कोणती, एवढं त्याला कळायला नको? हा आक्षेप पूर्ण खोडता आला नाही. मुद्रितशोधकांचं म्हणणं पडलं की तो गोंधळलेला आहे. 'गोंधळ कुठे आहे, बोट ठेवा,' असं ती म्हणाली, तेव्हा सगळे हसले. नियम दोन्हीकडे सारखाच लागू होता.

ढिगात ठेवून वाचणं

दोन्ही कथा एका मोठ्या ढिगातून आलेल्या होत्या. पहिल्या फेरीत तो ढीग फक्त संपादकांनी पाहिला होता; आता तो सगळ्यांनी वाचला. त्यात आणखी बंद घड्याळं होती. न पाठवलेली पत्रं होती, रिकाम्या खुर्च्या होत्या, गेलेल्या माणसाच्या आवाजातले जपून ठेवलेले संदेश होते. बहुतेक कथांत कोणीतरी वारलेलं होतं आणि मागे राहिलेला माणूस एखादी वस्तू टाकायला तयार नव्हता. शेवटी एक आखूड वाक्य, त्यात एक माणूस गप्प उभा.

हे अपघाताने घडत नाही. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा 2024 मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आलेला प्रयोग नेमका अतिलघुकथांवरच होता. लोकांना आठ वाक्यांची कथा लिहायला सांगितली. काहींना कल्पना सुचवायला एआयची मदत दिली, काहींना दिली नाही. मदत घेतलेल्या कथा वाचकांना सरासरीने जास्त सर्जक आणि जास्त चांगल्या लिहिलेल्या वाटल्या, विशेषतः मुळात कमी सर्जक असलेल्या लेखकांच्या. पण त्या कथा एकमेकींसारख्याही जास्त होत्या. एकेक सुटी कथा सुधारते आणि सगळ्यांचा मिळून पल्ला आक्रसतो. तिथे लिहिणारा माणूस होता, सुचवणारं यंत्र. लिहिणाराही यंत्रच असेल तर काय होईल, हे आमच्या ढिगात दिसतच होतं.

इथे संपादकांनी एक चोख प्रश्न विचारला. वाचकाला पानावर एकच कथा दिसणार. तिच्या भावंडांचं पाप तिच्या माथी का मारायचं?

माझं मत असं की मारायलाच हवं, आणि त्यात अन्याय नाही. एखादी कल्पना गुळगुळीत झाली आहे हे आपण कधीच त्या एका कथेतून ठरवत नाही. आधी वाचलेल्या सगळ्यांतून ठरवतो. थांबलेलं घड्याळ आणि थांबलेलं आयुष्य ही जोडी माणसांनीच वापरून झिजवली, म्हणून तर यंत्राकडे ती इतकी पटकन हाताशी आली. ढीग वाचल्यामुळे आमचं मत दूषित झालं नाही. पहिल्या फेरीत नावीन्याच्या रकान्यात चार पडले, ते ढीग न वाचल्यामुळे.

नाव, ओळख आणि घाई

कथा कोणाची हे माहीत असण्याचा परिणाम किती, हा जुनाच प्रश्न आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांची मतं 1929 साली पुस्तकरूपाने मांडली. नामवंतांच्या कविता विद्यार्थ्यांनी खुशाल झिडकारल्या होत्या आणि सामान्य कविता उचलून धरल्या होत्या. अतिलघुकथेच्या चर्चेत हटकून निघणारी ती सहा इंग्रजी शब्दांची बाळाच्या बुटांची कथा ('विकणे आहे: बाळाचे बूट, कधीच न घातलेले') अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या नावावर खपवली जाते. त्याने ती लिहिल्याचा पुरावा नाही, आणि तशा धाटणीच्या छोट्या जाहिराती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत येऊन गेल्या होत्या. नाव काढून घेतलं तर तिला आज किती गुण मिळतील, हे करून पाहण्यासारखं आहे.

यंत्राच्या बाबतीत दोन अभ्यास शेजारी ठेवले की गंमत कळते. 2024 मध्ये पोर्टर आणि माशेरी यांनी दाखवलं की कवितेचे सराईत नसलेले वाचक एआयच्या कविता आणि शेक्सपिअरपासून सिल्व्हिया प्लाथपर्यंतच्या कवींच्या कविता वेगळ्या ओळखू शकले नाहीत. उलट एआयच्या कवितांना त्यांनी जास्त पसंती दिली. संशोधकांचा तर्क असा की त्या सोप्या असतात, चटकन कळतात, आणि चटकन कळणं हेच चांगलेपण समजलं जातं. त्याच वर्षी तुहिन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी कथांसाठी हो-नाही स्वरूपाच्या चौदा कसोट्या लावल्या, वाचायला लेखनातले जाणकार बसवले. एआयच्या कथा व्यावसायिक लेखकांच्या कथांच्या तुलनेत तीन ते दहा पट कमी कसोट्यांना उतरल्या. ती मॉडेलं आता जुनी झाली, त्यामुळे आकडा आजच्या मॉडेलांना जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. पण आमच्या प्रकरणात ही दोन्ही वाचनं त्याच चार माणसांनी केली. गुणपत्रक भरताना ते पहिल्या अभ्यासातल्या वाचकांसारखे वाचत होते, रेघा मारताना दुसऱ्यातल्या. जाणकारी माणसात असते तितकीच ती त्याला विचारलेल्या प्रश्नात असते.

मधल्या काळात संपादकांनी दोन्ही कथा दुसऱ्या एका मॉडेलला परीक्षक म्हणून दिल्या. त्याने पहिलीला कौल दिला. क्रम उलटा करून पुन्हा विचारलं तेव्हाही पहिलीलाच, पण अंतर कमी झालं. मॉडेल परीक्षक म्हणून वापरताना आधी ठेवलेल्या मजकुराकडे, लांब मजकुराकडे आणि स्वतःच्या धाटणीच्या मजकुराकडे झुकतं, याची नोंद 2023 पासूनच्या संशोधनात आहे. चक्रवर्तींच्या अभ्यासातही मॉडेलांचे निकाल जाणकारांशी जुळले नव्हते. मला त्याच्या निकालापेक्षा त्याची कारणं बोलकी वाटली: कमी शब्दांत खोल भाव, प्रतीकाचा संयत वापर, वाचकाला विचार करायला लावणारा शेवट. मुद्रितशोधकांनी तेच परीक्षण उचलून दुसऱ्या कथेखाली चिकटवलं. एक शब्द न बदलता बसलं. मग ते ढिगातल्या तिसऱ्याच कथेखाली चिकटवलं, तिथेही बसलं. (आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तक-परीक्षणांवर हा प्रयोग कोणी करू नये, अशी विनंती.)

श्रेय कोणाचं?

पहिली कथा 'शंभर शब्दांत हृदयस्पर्शी कथा लिही' एवढ्या सूचनेवर आली होती. दुसरीची सूचना संपादकांनी घडवली होती: दोन माणसं, एक व्यवहार, भावनेचा शब्द नको, शेवटी काही उलगडायचं नाही. आणि त्या सूचनेवर आलेल्या पुष्कळ कथांमधून त्यांनी ही एक उचलली होती. म्हणजे कथेचं चांगलेपण काही मॉडेलचं, काही सूचनेचं, काही निवडीचं.

कथा छापायची की नाही, या प्रश्नाला याने फरक पडत नाही. कथा कुठून का आलेली असेना, पानावर ती उभी राहते की नाही एवढंच पाहायचं. पण 'हे मॉडेल चांगलं लिहितं का' असा प्रश्न असेल, तर ही कथा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. त्यासाठी एकाच सूचनेवर आलेल्या कथा न निवडता, येतील त्या क्रमाने वाचाव्या लागतात, वाईटांसकट. उत्तम कथा समोर धरून यंत्राचा गौरव करणारे आणि भिकार कथा समोर धरून त्याची टिंगल करणारे, दोघेही निवडीबद्दल गप्प असतात.

सरासरीचाही हिशेब इथेच येतो. पहिली कथा कोणालाच खटकली नाही म्हणून जिंकत होती. दुसरी एकाला फार आवडली, तिघांना आवडली नाही, म्हणून हरत होती. 'कोणाला खटकते का' हे मोजायचं असेल तर सरासरी ठीक. साहित्याच्या निवडीत मात्र एका चोखंदळ वाचकाचे पाच आणि दुसऱ्याचे दोन यांतून निघणारा वाद हीच माहिती असते, आणि बेरीज ती पुसून टाकते. यंत्राचं लेखन तर मुळातच सर्वांना चालेल अशा मध्याकडे झुकलेलं. त्याला मध्य मोजणारं माप लावलं की ते जिंकणारच.

लेखिकेचा विरोध

दुसऱ्या फेरीनंतर संपादक आणि प्राध्यापक दुसऱ्या कथेकडे वळले. लेखिका वळली नाही, आणि तिचं म्हणणं या प्रकरणातलं सगळ्यांत अवघड म्हणणं आहे.

ती म्हणाली, 'भावना सांगू नको म्हटलं की न सांगणं हाही साचाच होतो. संयम ही एक शैली आहे, तिचे शेकडो नमुने यंत्राने गिळलेले आहेत. तुम्ही हळव्या साच्याला नाकं मुरडता आणि कोरड्या साच्याला टाळ्या वाजवता, कारण तुमची आवड कोरडी आहे.' तिने पैजेवर सांगितलं: याच सूचनेवर आणखी कथा मागवा, शेवटी कोणीतरी कामाचा क्षुल्लक प्रश्न विचारेल.

मागवल्या. एका कथेत शेवटी पावतीवर सही कुठे करायची असं विचारलं होतं, एकीत नळ कोणत्या बाजूला फिरवायचा ते, एकीत पार्सल कुठे ठेवायचं ते. सगळ्या नाहीत, पण पुष्कळशा. पंख्याच्या बटणाची चमक त्या क्षणी उतरली. 'मग पंख्याचं बटण विचारलं' हा शेवट ज्याला मुद्रितशोधकांनी पाच दिले होते, तो त्या सूचनेचा ठरलेला शेवट होता.

पहिल्या कथेला जो न्याय लावला, तोच इथे लावणं भाग होतं. शेवटाचे गुण मुद्रितशोधकांनी स्वतःहून खाली आणले. मधलं मात्र टिकलं. नव्या कथांमध्ये हाताला माहीत नसलेलं बटण कुठेच नव्हतं, आणि ज्या गोष्टीने कथा तोलून धरली होती ती तीच होती. दुसरी कथा निवडली गेली ती तिच्या शेवटासाठी नाही, 'तिसरं दाबलं, मग पाचवं' या चार शब्दांसाठी, आणि बैठकीच्या टिपणात तसंच लिहिलं.

एक बारीक प्रश्न उरला होता. 'वहीत काहीतरी लिहून घेतलं' यातलं 'काहीतरी' सगळ्यांनाच पोचट वाटत होतं. लेखकाची कथा असती तर फोन करून विचारलं असतं, शब्द काढू का? इथे विचारायचं कोणाला? मॉडेलला विचारलं असतं तर ते आनंदाने हो म्हणालं असतं. नको, ठेवा, असं म्हणालो असतो तर त्यालाही आनंदाने हो. संपादकांनी ठरवलं की हात लावायचा नाही. दुरुस्त केली तर आपण जिचा निवाडा केला ती कथा ही नव्हे. खाली छापलं: मॉडेलने लिहिलेली, सूचना आणि निवड संपादकांची, मजकुरात बदल नाही. सूचनाही पूर्ण छापली.

लेखिकेने आपले दोन गुण दोनच ठेवले. तिचं टिपण संपादकांनी कथेच्या शेजारी, त्याच टाइपात छापलं आणि त्यात पुढच्या अंकासाठी तिच्या दोन अटी होत्या: आधी ढीग वाचायचा, मग सुटी कथा, आणि सूचना लिहिणाऱ्याने निवडीला बसायचं नाही. पहिली अट मान्य झाली. दुसरीवर संपादकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.